विहिरीकाठचा गुलाब: काडीपासून नवं रोप तयार करताना

नागपुरात धंतोलीला माझ्या मावशीचं जुनं बैठं घर होतं. मागच्या अंगणात विहीर, आणि विहिरीच्या कट्ट्याला लागून देशी गुलाबाचं झुडूप. फूल फिकट गुलाबी, पाकळ्या पातळ, दुपारपर्यंत गळायला लागायचं. पण सकाळी मागचं दार उघडलं की वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मावशी त्याच पाकळ्यांचा गुलकंद घालायची. घर पाडून तिथे इमारत उभी करायचं ठरलं तेव्हा पाट, पितळी डबे, झोपाळ्याच्या कड्या सगळं वाटून झालं. गुलाब तेवढा राहिला. झाड इतकं जुनं, की त्याची मुळं कट्ट्याच्या दगडांत शिरलेली. उपटलं तर मेलंच असतं. नर्सरीत जाऊन 'असाच द्या' म्हणावं, तर त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. मग एकच वाट उरली, फांद्या कापून त्यांची रोपं करायची.

पहिल्यांदा मार्च संपता संपता मी बारा काड्या कापून कुंडीतल्या काळ्या मातीत खोचल्या. दहाव्या दिवशी जवळजवळ सगळ्यांना लालसर कोवळी पालवी आली. मी आनंदाने सगळ्या मावसभावंडांना फोन केले. तिसऱ्या आठवड्यात पालवी एकेक करून मान टाकायला लागली आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बाराच्या बारा वाळल्या. उपटून पाहिल्या, तर एकीलाही मूळ नव्हतं. मावशीकडे वर्षानुवर्षं येणारे माळीकाका होते. त्यांनी एक काडी हातात घेऊन बोटाने सोलली आणि म्हणाले, "ताई, पाला पाहून खूश नका होऊ. काडी अजून आपलं जवळचंच खाऊन राहिली होती."

गुलाबाच्या काडीचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. कापलेल्या फांदीत तिने साठवलेलं अन्न असतं. त्या जोरावर डोळे, म्हणजे पानांच्या बेचक्यातले कोंब, फुटतात, पानं येतात. पण पानं आली की ती पाणी बाहेर टाकायला लागतात, आणि खालून पाणी ओढायला मुळं नसतात. शिदोरी संपली की काडी कोसळते. म्हणून पालवी फुटली म्हणजे रोप जगलं असं समजू नका. मुळं फुटेपर्यंतच्या चार ते आठ आठवड्यांत काडी सुकू द्यायची नाही आणि कुजू द्यायची नाही, एवढंच आपलं काम. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

नागपुरात कधी लावायची

बहुतेक लेखांत 'पावसाळ्यात लावा' एवढंच लिहिलेलं असतं. पुण्या-नाशिकला ते ठीक असेल, आपल्याकडे जरा वेगळा विचार करावा लागतो.

मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा ही वेळ सरळ सोडून द्या. हवा कोरडी, पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास. मूळ नसलेल्या काडीला यात जगवणं फार अवघड. जुलैमध्ये हवा ओली होते, पण झड लागली की कुंडीतलं पाणी हटत नाही आणि बुरशी धरते. ऑगस्टच्या शेवटापासून, म्हणजे पोळ्याच्या, मारबत निघण्याच्या सुमारापासून पाऊस उघडीप द्यायला लागतो आणि हवेत ओल मात्र टिकून असते. ही पहिली चांगली वेळ.

दुसरी वेळ, आणि माझ्या मते सगळ्यात चांगली, दसऱ्यानंतरची. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या मध्यात गुलाबाची वार्षिक छाटणी करतातच. फेकायच्या फांद्या आयत्या हाताशी असतात, झाड पावसाळ्यात भरपूर वाढून अन्नाने भरलेलं असतं आणि पुढे थंडी असते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लावलेल्या काड्यांना नोव्हेंबर संपेपर्यंत मुळं येतात. उशीर करून डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत लावल्या, तर रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मुळांचं काम मंदावतं; काडी मरत नाही, पण दोन-दोन महिने तशीच बसते. फेब्रुवारीत मुळं लवकर येतात, हे खरं. पण मग एवढ्याशा रोपाला दोन महिन्यांत आपला उन्हाळा सोसावा लागतो. मी फेब्रुवारीत लावत नाही.

कोणता गुलाब येतो, कोणता नाही

देशी किंवा गावठी गुलाब, वेली गुलाब, बटन गुलाब आणि झुबक्यांनी फुलणारे फ्लोरिबंडा काडीपासून सहज येतात. एकेका लांब दांडीवर मोठं फूल येणारे हायब्रिड टी नखरेल. काही येतात, काही कितीही जीव लावला तरी येत नाहीत. आणि आले तरी स्वतःच्या मुळांवर त्यांचा जोर कमी पडतो. म्हणूनच नर्सरीवाले ते रानगुलाबाच्या खुंटावर, म्हणजे त्याच्या मुळांसकटच्या बुंध्यावर, डोळा भरून करतात. आपल्या वरुड-काटोलकडचा संत्रा जसा जंबेरीच्या खुंटावर बांधतात, तसंच हे. तुमच्याकडे मोठ्या फुलांचा गुलाब असेल तर जरूर करून पाहा, पण दहा काड्या लावा आणि दोन-तीन जगल्या तर समाधान माना.

बुकेतल्या फुलांच्या दांड्या लावून पाहणारे खूप जण भेटतात. त्या दांड्या पॉलीहाऊसमधून निघून, शीतगृहात राहून, पाण्यात उभ्या राहून आपल्यापर्यंत पोचलेल्या असतात. त्यांच्यात उरलेलं बळ फार थोडं. मी त्यात वेळ घालवू नका असंच सांगेन.

कलमी झाडावरून काडी घेताना एक गोष्ट नीट बघा. कलमाच्या गाठीच्या खालून किंवा मातीतून सरळसोट, जोमदार फुटवा येतो. तो खुंटाचा असतो. दिसायला इतका तरतरीत, की हात आधी तिकडेच जातो, आणि वर्षभर सांभाळून शेवटी भलतंच फूल येतं. पानांच्या संख्येवरून ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. फांदी बोटाने खाली खाली चाचपत जा आणि ती गाठीच्या वरून निघाली आहे याची खात्री करा.

फांदी निवडणं

निम्मं यश इथेच ठरतं, त्यामुळे घाई नको.

नुकतंच फूल येऊन गेलेली फांदी हवी. पाकळ्या गळून आठ-दहा दिवस झालेले, पानांच्या बेचक्यातले डोळे फुगलेले पण फुटलेले नाहीत, अशी. जाडी पेन्सिलीएवढी, देशी गुलाबाची फांदी मुळातच बारीक असते, तिथे थोडी कमी चालते. अगदी कोवळी हिरवी फांदी पाण्यात भिजवल्यासारखी कुजते, आणि जुनी करडी लाकडासारखी फांदी मुळं धरायला फार वेळ लावते. मधली हवी.

मधली कशी ओळखायची, ते काट्याला विचारा. अंगठ्याने काटा बाजूला दाबा. टक्कन तुटला आणि खाली स्वच्छ ओलसर हिरवा ठिपका दिसला, तर फांदी तयार आहे. काटा वाकला किंवा सोबत साल घेऊन निघाला, तर कोवळी आहे, आठवडाभर थांबा. तुटायलाच तयार नसेल तर जून झाली. माळीकाकांनी मला ही परीक्षा शिकवली आणि तेव्हापासून मी जाडी मोजत बसत नाही.

आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी द्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत फांद्या कापा. पानांवर काळे ठिपके, भुरी किंवा शेंड्याकडून काळी पडत आलेली फांदी घेऊ नका. तो रोग काडीसोबत येतो. कापलेली फांदी लगेच पाण्यात उभी करा किंवा ओल्या सुती फडक्यात गुंडाळा. कुणाच्या घरून आणायची असेल तर फडक्यावर पिशवी बांधा, आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका.

काडी कापणं

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवं. बोथट कात्रीने देठ चेंगरतो आणि चेंगरलेल्या जागेतून कूज सुरू होते. पाती स्पिरिटने पुसून घ्या. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा.

एका काडीची लांबी ६ ते ८ इंच आणि तिच्यावर चार-पाच डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, तिरपा. डोळ्याच्या गाठीपाशी मुळं सहज फुटतात, म्हणून काप तिथेच. वरचा काप सगळ्यात वरच्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, आडवा. वर आडवा आणि खाली तिरपा असं ठेवलं, की काडी उलटी लागण्याची चूक होत नाही. उलट्या काडीला मुळं येत नाहीत, आणि पानं काढून टाकल्यावर वरची बाजू कुठली हे चटकन कळत नाही.

आता पानं. खालच्या अर्ध्या भागातली सगळी काढा. वर एक किंवा दोन पानं ठेवा आणि त्यांच्याही फक्त देठाकडच्या दोन-दोन पर्णिका (छोटी पानं) राहू द्या, टोकाकडच्या कात्रीने कापा. सगळी पानं काढून टाकणारेही बरेच आहेत, पण मला ते पटत नाही. मुळं फुटायला लागणारं संप्रेरक पानांत आणि डोळ्यांत तयार होऊन खाली उतरतं. थोडं पान असलं की ते काम चालू राहतं. सगळीच पानं ठेवली तर काडी पाणी गमावते. म्हणून हा मधला मार्ग. फूल, कळी किंवा फळ असेल तर मात्र काढाच.

शेवटची एक छोटी गोष्ट. काडीच्या खालच्या इंचभर भागात एका बाजूची साल पातेने हलकेच खरवडा, आतला हिरवा-पांढरा थर दिसेल एवढीच. त्या जखमेच्या कडेने मुळं जास्त फुटतात. खोल कापू नका.

पावडर, कोरफड, मध आणि बटाटा

नर्सरीच्या सामानाच्या दुकानात मुळं फुटायची पावडर मिळते. तिच्यात आयबीए नावाचं संप्रेरक असतं. पाकिटावर अर्धपक्व किंवा मध्यम कठीण फांदीसाठीची निवडा. लावायची रीत साधी: काडीचं खालचं टोक पाण्यात बुडवून झटका, मग पावडरीत इंचभर टेकवा आणि हलकेच ठोकून जादा पावडर पाडा. जाड थर दिला तर फायदा नाही, उलट टोक जळतं. पावडर डबीतून थोडी वेगळ्या वाटीत काढून वापरा. ओली काडी डबीतच बुडवली तर सगळी पावडर बाद होते. आपल्या उन्हाळ्यात ही पावडर उघड्या फडताळात टिकत नाही. डबी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि मुदत बघूनच वापरा. मागच्या दोन उन्हाळ्यांतून उरलेल्या पावडरीवर विश्वास ठेवू नये.

पावडर नसेल तर देशी गुलाब तिच्यावाचूनही येतो. कोरफडीचा गर लावणाऱ्या अनेकांना चांगला अनुभव आहे, मीही लावते. काप ओला राहतो. मध आणि दालचिनी बुरशीला थोडा आळा घालतात, पण ती संप्रेरकाची जागा घेत नाहीत. बटाट्यात काडी खोचून मातीत पुरण्याचे व्हिडिओ खूप फिरतात. बटाटा ओल्या मातीत सडतो, सोबत काडीचं टोक सडवतो, आणि उरलाच तर त्याला स्वतःला कोंब येतो. ते करू नका.

पावडर लावण्याआधी काड्या बुरशीनाशकाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून सावलीत निथळून घ्याव्यात. कार्बेन्डाझिम असेल तर १ लिटर पाण्यात १ ग्रॅम पुरे. हातमोजे घाला, आणि हे पाणी घरातल्या भांड्यांत कालवू नका.

माती नको, रेती हवी

माझ्या बारा काड्या वाळल्या त्याचं दुसरं कारण काळी माती. कापसाला सोन्यासारखी असलेली ही माती पाणी धरून ठेवते, फुगते, आणि वाळली की भेगाळते. ओली असताना काडीच्या टोकाला हवा मिळत नाही. वाळताना ती काडीला आवळते आणि फुटू लागलेलं मूळ तोडते. काडीला अजून जेवण नको, तिला ओल आणि हवा हवी. म्हणून शेणखत, गांडूळखत, युरिया यातलं काहीही या टप्प्यावर घालायचं नाही. खत घातलं की कूज लागते.

अर्धं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धी जाड रेती. रेती नदीची, भरड हवी; बांधकामाच्या ढिगातली असली तरी चालेल, पण सिमेंट मिसळलेली नको. चाळणीने बारीक धूळ काढून टाका आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कोकोपीटची वीट भिजवून फुगली की तीही दोन पाण्यांतून काढा, कारण काही विटांत क्षार असतात. दोन्ही मिसळून मुठीत घट्ट दाबा. एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर. धार लागली तर निथळू द्या.

भांडं म्हणून मी पारदर्शक उंच प्लॅस्टिकचे ग्लास वापरते. तळाला आणि बाजूला तापवलेल्या खिळ्याने पाच-सहा भोकं पाडायची. ग्लास भरला की त्याभोवती वर्तमानपत्राची गुंडाळी करून रबर लावायचं. मुळांना अंधार लागतो, उजेडात शेवाळ धरतं. आणि मुळं आली का हे बघायचं असेल तेव्हा कागद सरकवला की काम झालं, काडी उपसावी लागत नाही. पहिल्या वेळी मी दर चार दिवसांनी काडी उपसून बघत होते. फुटू पाहणारी मुळं असली तर ती अशीच तुटतात.

मिश्रणात आधी काडीहून जाड अशा लाकडी काडीने भोक करा, मग काडी ठेवा. थेट खोचली तर पावडर वरच पुसली जाते. निदान दोन डोळे खाली गेले पाहिजेत. भोवती बोटांनी दाबून घ्या, मधे पोकळी राहू देऊ नका, आणि वरून हळू पाणी द्या. शक्यतो नळाचं पाणी वापरा. बऱ्याच वस्त्यांत बोअरचं पाणी इतकं जड आहे, की कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो.

ग्लासावर नाव आणि तारीख लिहा. 'लक्षात राहील' असं प्रत्येक वेळी वाटतं. दोन महिन्यांनी लाल कुठला आणि गुलाबी कुठला हे सांगता येत नाही.

झाकण आणि जागा

ऑगस्ट-सप्टेंबरात हवा ओली असते, झाकणाची फारशी गरज नाही. पावसाच्या धारेतून बाजूला ठेवलं की पुरे. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी पडते, तेव्हा झाकण लागतंच. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीचं बूड कापून ती ग्लासावर घाला. बाटलीच्या आत बारीक दव दिसत राहिलं पाहिजे. रोज सकाळी बाटलीची झाकणी दहा मिनिटं उघडायची, म्हणजे कोंदट हवा निघून जाते. पानं बाटलीला चिकटत असतील तर मोठी बाटली घ्या. चिकटलेलं पान हमखास कुजतं.

जागा उजेडाची पण उन्हाची नको. पूर्वेची गॅलरी, आंब्याखालची सावली, उत्तरेकडच्या भिंतीचा आडोसा, काहीही. बाटलीवर थेट ऊन आलं तर अर्ध्या तासात आत भट्टी होते आणि काडी शिजते. गच्चीवर ठेवत असाल तर तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर फळी टाकून ठेवा. थंडीत रात्री ग्लास भिंतीच्या कडेला किंवा घरात आणा.

पाणी रोज नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसून बघा. ओल लागत असेल तर हात आवरा. झाकण असेल तर आठवड्यातून एक-दोनदाच लागतं. काड्या उन्हापेक्षा पाण्याने जास्त मरतात, आणि ते पाणी माणसं प्रेमानेच घालतात.

वाट पाहण्याचे आठवडे

पहिल्या आठवड्यात काही दिसत नाही. ठेवलेलं पान पिवळं पडून गळालं तरी घाबरू नका. काडी हिरवी असेल तर ठीक चाललंय. गळलेलं पान मात्र चिमट्याने काढा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खालच्या कापावर पांढरट, खडबडीत, साबुदाण्याच्या दाण्यांसारखी गाठ धरते. ते मूळ नव्हे, पण शुभ चिन्ह आहे. याच सुमारास वरून पालवी फुटते, जिने मला फसवलं होतं. पालवी आली की झाकण काढून उन्हात ठेवण्याचा मोह होतो. तेच करायचं नाही. त्यावर कळी आली तर खुडून टाका. कळी आली की काडीची सगळी शिदोरी तिच्याकडे जाते.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात कागद सरकवून बघा. ग्लासाच्या भिंतीला टेकलेलं पहिलं मूळ दुधासारखं पांढरं, शेवईएवढं जाड आणि टोकाशी जरा पारदर्शक असतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. अपारदर्शक कुंडी असेल तर काडी दोन बोटांत धरून अगदी हलके वर ओढा. सहज सरकली तर अजून थांबा, खालून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं तर मुळं आली.

एक मूळ दिसलं म्हणून लगेच हलवू नका. आणखी दोन आठवडे द्या. इंच-दीड इंचाची चार-पाच मुळं आणि त्यांना बारीक फाटे दिसले की रोप तयार.

काडी बिघडत असेल तर ती कुठून काळी पडते ते बघा. खालून काळी आणि मऊ झाली, म्हणजे पाणी जास्त किंवा हवा कमी. वरून काळी पडत खाली येत असेल, तर वरच्या कापातून बुरशी शिरली. निरोगी भागापर्यंत छाटून कापावर बुरशीनाशकाचा लेप द्या. काळी न पडता सुरकुतली, म्हणजे हवा कोरडी, झाकण नीट नाही. खात्री करायची असेल तर वरच्या टोकाशी नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तोवर फेकू नका. मेलेली काडी मात्र लगेच काढा. आपल्याकडे उधई (वाळवी) फार, वाळलेल्या लाकडाचा वास तिला लगेच लागतो.

झाकणातून बाहेर, मग कुंडीत

बाटली एकदम काढली तर आतल्या दमट हवेला सरावलेली पानं त्याच दुपारी मलूल होतात. आठ-दहा दिवसांत हळूहळू काढा. आधी झाकणी कायमची उघडी, मग बाटली सकाळ-संध्याकाळ तास-तासभर बाजूला, मग रात्रभर, आणि शेवटी पूर्ण.

पहिली कुंडी ५ किंवा ६ इंचांची. एवढ्याशा रोपाला एकदम मोठी कुंडी दिली तर भोवतालची माती ओलीच राहते आणि मुळं गुदमरतात. मिश्रण एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग रेती, वर मूठभर निंबोळी पेंड. ग्लास बाजूने कापून काढा, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा फुटत नाही. संध्याकाळी लावा, आठवडाभर सावलीत ठेवा, मग कोवळं ऊन. महिनाभर दुसरं खत नको.

पहिला उन्हाळा

नागपुरात गुलाबाचं रोप जगलं की नाही, हे मुळांनी नाही, मे महिन्याने ठरतं. ऑक्टोबरात लावलेल्या काडीचं रोप तोवर फूटभर झालेलं असतं, मुळं मात्र अजून कुंडीच्या वरच्या भागातच असतात.

मार्च संपता संपता रोप अशा जागी न्या, जिथे ऊन सकाळी दहा-अकरापर्यंतच येतं. तशी जागा नसेल तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. लहान कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत रेती भरा आणि ती रेती ओली ठेवा. कुंडीची भिंत तापत नाही, मुळं गार राहतात. माझ्या गच्चीवर या एका युक्तीने जितकी रोपं वाचली तितकी दुसऱ्या कशानेच नाही. मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या. पाणी सकाळी लवकर आणि संध्याकाळी. भर दुपारी तापलेल्या कुंडीत गार पाणी ओतू नका. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, नऊ दिवसांत तर रोप फुलतंय की नाही हे बघूच नका, फक्त हिरवं राहू द्या. कळ्या खुडा. एप्रिल-मेमध्ये छाटणी नको, खतही नको.

घरोघरी कूलर असतो, आणि आठवड्याला टाकी रिकामी करताना ते पाणी झाडांना घालण्याची सवय असते. गुलाबाच्या लहान रोपाला ते घालू नका. टाकीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात, त्यामुळे उरलेलं पाणी मूळ पाण्यापेक्षा बरंच जड झालेलं असतं. कूलरच्या जाळीवर आणि कुंड्यांवर जमणारा पांढरा थर त्याचाच.

पानांच्या पाठीमागे बारीक जाळी आणि वरून फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोराचा फवारा मारला की बहुतेक वेळा आटोक्यात येतो.

पावसाळा लागला की कुंडी ८ किंवा १० इंचांची करा, आणि काळे ठिपके पडलेली पानं वेचून कचऱ्यात टाका, कुंडीत सोडू नका. जमिनीत लावायचं असेल तर पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, तळाला विटांच्या तुकड्यांचा थर द्या, आणि काळ्या मातीत निम्मी रेती-खत मिसळून भरा. रोपाची जागा भोवतालच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे झडीचं पाणी मुळाशी थांबत नाही.

मावशीच्या गुलाबाच्या दुसऱ्या खेपेच्या दहा काड्या मी दसऱ्यानंतर, घर पाडायला मजूर यायच्या तीन आठवडे आधी कापल्या होत्या. सहा जगल्या. तीन मावसभावंडांकडे, दोन माझ्याकडे प्रतापनगरच्या गच्चीवर, आणि एक मावशीच्या नव्या फ्लॅटच्या खिडकीत, पूर्वेकडे. फुलं मोजकीच येतात, गुलकंदाला पुरत नाहीत. ती सकाळी खिडकी उघडते आणि चहा तिथेच घेते.